बोलता न येणाऱ्या मोठ्या मुलांचं दुखणं: गोळी सुरू करण्याआधी काय काय तपासून घेता?

शांतनदी
नमस्कार मंडळी. मुलगा २४ वर्षांचा, मध्यम स्वरूपाचं बौद्धिक अपंगत्व, शब्द अगदी मोजके, पण हाताने जेवतो, अंघोळीला थोडी मदत लागते, एरवी स्वभाव शांत. गेले काही आठवडे मात्र स्वतःलाच मारून घेतोय, तेही एकाच बाजूने, गालावर आणि कानाजवळ. रात्री उठून बसतो, जेवताना ताट ढकलून देतो. ज्यांना दाखवलं त्यांनी दोन-चार प्रश्न विचारले, तेही मलाच, आणि म्हणाले अशा मुलांचं असं होतंच, वय वाढतं तसा हट्टही वाढतो. शांत राहायची गोळी लिहून दिली. तोंड उघडून बघितलं नाही की कानात बॅटरी मारली नाही. गोळी अजून सुरू केलेली नाही. लहान होता तोवर बालरोगतज्ज्ञ होते, त्यांना त्याचं सगळं पाठ होतं. आता मोठ्यांचे डॉक्टर म्हणतात आम्हाला अशा पेशंटची सवय नाही आणि लहानांचे म्हणतात याचं वय झालं, म्हणजे आम्ही जायचं कुठे? तुम्ही लोक अशा वेळी आधी काय तपासून घेता ते सांगा.

खडूवाली
एकाच बाजूने मारतोय ना, मग आधी दात आणि कान. मी विशेष शाळेत शिकवते, आमच्याकडे अचानक चिडकी झालेली मुलं बऱ्याचदा दातदुखीचीच निघतात, आणि अक्कलदाढेचं वय हेच असतं हेही लक्षात घ्या. पुन्हा डॉक्टरकडे जायच्या आधी एक करा, चार-पाच दिवस वहीत लिहून ठेवा. "आज चिडला" असं नाही लिहायचं, त्याचा काही उपयोग नसतो. मारायच्या आधी काय चाललं होतं ते लिहा. गार पाणी प्यायल्यावर का, चावताना का, आडवा झाल्यावर का, जेवून अर्ध्या तासाने का. आणि मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, दवाखान्यात गेलं की हमखास शहाण्यासारखा बसतो आणि डॉक्टरांना वाटतं आईच वाढवून सांगतेय.

स्टेथो
मी फिजिशियन आहे, मोठ्यांचा. शांतनदी ताई, तुमच्याबाबतीत जे झालं त्याला आमच्यात डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग म्हणतात, १९८२ पासून हे लिहिलं-बोललं जातंय. म्हणजे पेशंटवर एक शिक्का बसला की पुढची प्रत्येक तक्रार त्या शिक्क्याच्या खात्यात जमा करायची, बाकी कारणं शोधायचीच नाहीत. कॉलेजात आम्हाला हा विषय जवळजवळ शिकवलाच जात नाही.

वागणं नव्याने बदललंय, म्हणजे महिन्याभरापूर्वी असं नव्हतं, तर आधी शरीर. दात, हिरड्या, कानातला मळ किंवा इन्फेक्शन, अ‍ॅसिडिटी (आडवं झाल्यावर त्रास वाढतो म्हणून रात्री उठून बसतात), पोट साफ नसणं, लघवीचं इन्फेक्शन, डोकेदुखी, मुलींमध्ये पाळीचं दुखणं, कुठे तरी न दिसलेलं फ्रॅक्चर. विशेषतः फिटच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर हाडं ठिसूळ झालेली असू शकतात, साधं पडल्यावरही मोडतात. आणि नवीन औषध सुरू झालंय का किंवा डोस बदललाय का हे विचारायचंच. यातलं बरंचसं साध्या तपासणीत आणि थोड्या रक्त-लघवीच्या टेस्टमध्ये कळतं.

हे मी उगाच ताणून सांगत नाहीये. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल विद्यापीठाने बौद्धिक अपंगत्व असलेल्या २४७ लोकांच्या मृत्यूंची एकेक करून चौकशी केली होती, २०१३ ला अहवाल आला. सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत पुरुष सरासरी १३ वर्षं आणि बायका २० वर्षं आधी गेलेल्या. त्यातले बरेच मृत्यू वेळेत निदान आणि उपचार झाले असते तर टळले असते. मोफत सरकारी आरोग्यसेवा असलेल्या देशातली गोष्ट आहे ही.

बाबा५८
सगळं मान्य, पण गोळीला इतकं राक्षस करू नका हो. माझी मुलगी ३१ ची आहे. तिच्या हातून तिच्या आईला मार बसायचा, खिडकीच्या काचा फुटायच्या, आम्ही पाळीपाळीने झोपायचो. औषध सुरू झालं आणि घरात माणसं राहू शकली. इथे वाचून कुणीतरी उद्या गोळी बंद करेल आणि पुन्हा तेच सुरू होईल. ज्यांच्या घरी हे होत नाही त्यांना सल्ला देणं सोपं असतं.

स्टेथो
बाबा५८, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि पहिली गोष्ट ठळक सांगतो: चालू असलेली गोळी कुणीही स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, फिटची तर अजिबातच नाही, जिवावर बेतू शकतं. ज्यांना सोबत खरंच मानसिक आजार आहे त्यांना औषध लागतंच.

पण नुसत्या रागासाठी म्हणून जी अँटीसायकोटिक औषधं (मुळात भ्रम-भास होणाऱ्या मानसिक आजारांसाठीची) देतात त्यांचं सांगतो. २००८ साली लॅन्सेटमध्ये एक अभ्यास आला होता. बौद्धिक अपंगत्व आणि आक्रमक वागणं असलेले पण भ्रम-भासाचा आजार नसलेले ८६ जण, काहींना रिस्पेरिडोन, काहींना हॅलोपेरिडॉल, काहींना औषध नसलेली नुसती गोळी. चार आठवड्यांनी राग तिन्ही गटांत कमी झाला, आणि सगळ्यात जास्त कमी झाला तो नुसत्या गोळीवाल्यांचा! म्हणजे त्या काळात लोकांनी त्यांच्याकडे नीट लक्ष दिलं, भेटत राहिले, त्याचाही भाग असणार. अभ्यास छोटा आहे, तुमच्या मुलीला फरक पडला तो खोटा ठरत नाही. पण याच औषधांनी वजन वाढतं, साखर वाढते, पोट साफ होत नाही, सुस्ती येते, काहींना गिळायला त्रास होतो, आणि सांगता येत नसलेल्या माणसाच्या बाबतीत हे सगळं पुन्हा "वागणं बिघडलं" म्हणून मोजलं जातं. वर आणखी एक गोळी. २०१६ पासून इंग्लंडमध्ये अशी नको असलेली औषधं हळूहळू कमी करायची मोहीमच चालू आहे, स्टॉम्प नावाची.

तर लिहून देणाऱ्याला विचारायचं एवढंच, की ही नेमकी कशासाठी, फरक पडला हे आपण कशावरून ठरवणार, आणि परत कधी बघणार. तुमच्या मुलीचं वजन, साखर, कोलेस्टेरॉल शेवटचं कधी बघितलंय?

बाबा५८
वजन बघतो. बाकीचं बरंच आधी झालं होतं. घेतो करून.

रात्रपाळी
मी निवासी संस्थेत काम करते, नाव सांगत नाही. डॉक्टरांनी "पोट साफ नसणं" एका ओळीत उरकलं पण मी त्यावर जरा लांबड लावणार आहे, कारण या विषयाची लोकांना लाज वाटते आणि त्यात माणसं दगावतात, खरंच दगावतात, आतडं बंद पडून. आमच्याकडे प्रत्येकाचा संडासचा तक्ता असतो, कधी झाली, कशी झाली, घट्ट की मऊ. पाहुणे आले की हसतात तक्ता बघून. हसू देत.

सगळ्यात फसवं काय असतं सांगते. आत कडक खडा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूने पातळ पातळ पाझरत राहतं, कपडे खराब होतात, सगळ्यांना वाटतं जुलाब झाले. मग कुणीतरी शहाणं जुलाब थांबायचं औषध देतं आणि आतलं अजूनच घट्ट. त्यामुळे आधी घट्ट होत होती आणि आता एकदम पातळ गळतंय, पोट फुगलंय, जेवत नाहीये, असं असेल तर आधी पोट तपासून घ्या. उलट्याही सुरू झाल्या तर थांबूच नका, सरळ हॉस्पिटल. चालणं-फिरणं कमी, पाणी कमी, त्यात फिटच्या आणि डोक्याच्या गोळ्या, होणारच ना. आणि संडासला बसवताना पाय अधांतरी लोंबकळत नसावेत, खाली पाट किंवा स्टूल द्या, एवढ्यानेही फरक पडतो.

दुसरं म्हणजे ठसका. जेवताना रोज खोकतोय, आवाज ओला ओला येतोय, वारंवार छातीत कफ, वर्षातनं दोनदा न्युमोनिया, तर ते "त्याची छाती नाजूक आहे" असं नसतं, घास श्वासनलिकेत जात असतो. आडवं टेकवून भरवू नका, ताठ बसवा, जेवणानंतरही अर्धा तास बसलेलं ठेवा, घाई करू नका. गिळणं तपासणारे स्पीच थेरपिस्ट असतात, पातळ द्यायचं की दाट ते त्यांनी बघून ठरवायचं. आपण मनाने दाट करून द्यायला लागलो की माणूस पाणीच कमी पितो.

दादाची_बहीण
इथेच विचारते, वेगळा धागा नको. दादा ४३ वर्षांचा, डाऊन सिंड्रोम. आई गेल्यापासून माझ्याकडे आहे. वर्षभरात खूप मंदावलाय, बटणं स्वतः लावायचा ती आता मला लावायला सांगतो, हाक मारली तर वळत नाही, दुपारी बसल्या बसल्या झोपतो. डॉक्टर म्हणाले डाऊनमध्ये अल्झायमर लवकर येतो, तयारीत राहा. म्हणजे झालं का? काहीच करायचं नाही?

स्टेथो
अल्झायमर लवकर येतो हे खरं आहे. त्या आजारात मेंदूत जे प्रथिन साचतं त्याचं मूळ जनुक २१ व्या गुणसूत्रावरच असतं आणि यांच्याकडे ते गुणसूत्रच एक जास्तीचं, त्यामुळे चाळिशीपर्यंत मेंदूत ते बदल बहुतेकांच्या दिसतात. पण मेंदूत बदल असणं आणि विसरभोळेपणाचा आजार सुरू होणं यात बरीच वर्षं जाऊ शकतात. आणि ते निदान सगळ्यात शेवटी करायचं असतं.

आधी थायरॉइड. डाऊनमध्ये थायरॉइड मंदावणं इतकं सर्रास असतं की काही तक्रार नसली तरी टीएसएच (थायरॉइडची रक्ताची टेस्ट) दरवर्षी बघायची असते. मग ऐकू येतंय का. यांच्या कानाची नळी अरुंद असते, मळ साचून बंद होते, हाक मारली तर वळत नाही याचं कारण तेवढंच असू शकतं. मोतीबिंदू लवकर येतो, तोही बघा. दुपारी झोपतो म्हणताय, रात्री घोरतो का, घोरता घोरता श्वास थांबल्यासारखा होतो का? स्लीप अ‍ॅप्निया असेल तर दिवसा माणूस असाच दिसतो. रक्तातलं बी१२ जीवनसत्त्वही बघा. मानेचे वरचे मणके सैल असतात काहींचे, त्यामुळे चालणं बदललं, लघवीवरचा ताबा गेला, मान तिरकी धरतोय असं काही असेल तर ते तातडीचं समजा.

आणि एक. तुमची आई गेल्या असं लिहिलंय. त्याने चाळीस वर्षं ज्यांच्यासोबत काढली त्या गेल्या, घर बदललं. याचं दुःख त्याला कुणी विचारलंय का? नैराश्यही हुबेहूब असंच दिसतं.

दादाची_बहीण
घोरतो, प्रचंड. आणि मध्येच थांबतो, मला वाटायचं कूस बदलतोय म्हणून. आईच्या वेळी सगळे म्हणाले त्याला काय कळणार, त्याला शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं त्या दिवशी. तपासण्या करून घेते सगळ्या.

मी_स्वतः
मला सौम्य अपंगत्व आहे. मी वाचतो. लिहायला वेळ लागतो. डॉक्टर आईशी बोलतात. माझ्याशी बोलत नाहीत. पोट माझं दुखतं. एक डॉक्टर चांगले होते. ते थांबायचे. मी बोलेपर्यंत थांबायचे. त्यांनी चित्र काढून दाखवलं. मग मी सांगितलं कुठे दुखतं.

खडूवाली
मी_स्वतः, बरं झालं लिहिलंत. वाट बघत थांबणं हा मुद्दा सगळ्यांनी वहीत लिहून घ्या. प्रश्न विचारला की उत्तर यायला काहींना दहा-पंधरा सेकंद लागतात, तेवढ्यात आपण दुसरा प्रश्न टाकतो आणि पहिला विसरला जातो. आई-बाबांचंही हेच होतं हं, मुलाने तोंड उघडायच्या आत यांचं उत्तर तयार.

शांतनदी
थोडी प्रगती. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, वही आणि व्हिडिओ घेऊनच. कानात मळाचा बोळा होता, थेंब टाकून मऊ करून काढला, मारणं थोडं कमी झालंय पण थांबलेलं नाही. दातांच्या डॉक्टरांना तोंड उघडू दिलं नाही, जेवढं दिसलं त्यात मागची दाढ किडलेली आणि हिरडी सुजलेली आहे. हॉस्पिटलमध्ये पूर्ण भूल देऊन करूया म्हणतायत. फिटच्या गोळ्या चालू आहेत त्याच्या. भूल म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आलाय.

स्टेथो
भूलतज्ज्ञांना आधी भेटायची वेळ मागून घ्या, ऑपरेशनच्या दिवशी दारात नको. सगळ्या औषधांची यादी, शेवटची फिट कधी आली, घोरतो का, आधी भूल दिली होती का, हे सगळं सांगा. सकाळी उपाशी ठेवतात पण फिटची गोळी सहसा घोटभर पाण्याबरोबर द्यायचीच असते, हे त्यांच्याकडून लिहूनच घ्या, वॉर्डातल्या गडबडीत चुकतं. (दादाची_बहीण, तुमच्यावर कधी ही वेळ आली तर डाऊन म्हणून मानेचं आठवणीने सांगायचं, श्वासाची नळी घालताना मान किती वाकवायची ते ठरवावं लागतं.)

आणि एकदा भूल देणारच आहेत तर त्याच वेळी बाकीचं उरकता येतं का ते आधीच ठरवून घ्या. रक्त काढणं, दोन्ही कान नीट बघणं, सगळ्या दातांचा एक्स-रे आणि सफाई. जे एरवी चार लोकांनी धरूनही होत नाही ते तिथे शांतपणे होतं. फक्त काय काय करणार ते आधी बोलून ठरलेलं असावं, वेळेवर आपल्या मनाने काही वाढवायचं नाही.

रात्रपाळी
पहिला नंबर मागा, सकाळचा. वाट बघण्यातच अर्धी मुलं बिघडतात. आणि हाताला सुई टोचायच्या जागी बधिर करायचं मलम मिळतं, ते तासभर आधी लावून ठेवायला सांगा. दोन्ही हातांना लावा, एका हाताची शीर सापडली नाही तर.

बाबा५८
एक कागद बनवून न्या. आम्ही मुलीचा बनवलाय, कडक पुठ्ठ्यावर चिकटवून. वर ठळक अक्षरात कोणती औषधं, कशाची अ‍ॅलर्जी, फिट आली तर काय. खाली ती दुखलं की काय करते (ती गप्प होते आणि अंगठा चावते, ओरडते तेव्हा दुखत नसतं, कंटाळा आलेला असतो, हे अनोळखी नर्सला कसं कळणार?), हो-नाही कसं सांगते, कशाला घाबरते, गोळी कशी घेते. ट्यूबलाइट फडफडली की तिचं डोकं फिरतं, तेही लिहिलंय. बाहेर याला हॉस्पिटल पासपोर्ट म्हणतात म्हणे. शिफ्ट बदलली की नवीन माणूस येतो आणि आपण परत पहिल्यापासून सांगत बसतो, ते वाचतं. पानभरच ठेवा, फाईल कुणी वाचत नाही.

उगाचच
वाचतोय फक्त, पण एक शंका. मुलगा २४ चा म्हणजे सज्ञान. मग सही कोणाची?

स्टेथो
देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत, तुमच्याकडचं हॉस्पिटलात विचारावं लागेल. दिशा मात्र बदलतेय. २००६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार आहे, त्याचं १२ वं कलम म्हणतं की निर्णय घ्यायचा हक्क यांनाही इतरांइतकाच आहे आणि तो वापरायला लागेल ती मदत द्यायची. म्हणजे सरसकट "याला कळत नाही" असं धरून चालायचं नाही. दाढ काढायची हे समजेल, हृदयाचं ऑपरेशन समजणार नाही, असंही असू शकतं, प्रत्येक निर्णयाला वेगळं बघावं लागतं. सही पालकांची चालत असली तरी त्याला न सांगता टेबलावर न्यायचं नाही.

दादाची_बहीण
हे सगळं करणारं माणूस घरी आहे तोवर ठीक. आईने दादाचं काहीच लिहून ठेवलं नव्हतं, कोणती लस झाली, हृदयाचं लहानपणी काय झालं होतं, सगळं तिच्या डोक्यात. मला आता जुन्या पिशव्यांतून कागद शोधावे लागतायत. इथले जे आई-बाबा साठीच्या पुढे आहेत त्यांनी प्लीज भावंडांना आत्ताच दवाखान्यात सोबत नेत जा, डॉक्टरांनाही त्यांचा चेहरा माहीत असू दे. आणि भावंडांना गृहीत धरू नका, विचारा. मला कुणी विचारलं नव्हतं. मी दादाला टाकणार नव्हतेच, पण विचारायला हवं होतं.

बाबा५८
हे माझ्या मुलाला दाखवतो आज. आणि थोडे दिवस सांभाळणारी सोय कुठे असेल तर आजारी पडायच्या आधीच वापरून बघा. माझी हर्नियाची शस्त्रक्रिया तिला कोण बघणार म्हणून किती दिवस लांबली. एकेक रात्र करत सवय लावली तेव्हा झाली.

शांतनदी
तारीख मिळाली, सकाळचा पहिला नंबर. कागद तयार आहे. आता याला समजावू कसं? शब्दांनी फार काही पोचत नाही.

मी_स्वतः
फोटो दाखवा. खरे फोटो. खोलीचा. पलंगाचा. कपड्यांचा. दुखणार असेल तर दुखेल सांगा. मला सांगितलं होतं फिरायला जातोय. मी नंतर खूप दिवस गाडीत बसलो नाही.

खडूवाली
फोटो क्रमाने लावा, घर, गाडी, हॉस्पिटलचं दार, पलंग, मास्क, झोप, उठणं, आणि शेवटचा फोटो परत घराचा. रोज एकदा दाखवा पण फार आधीपासून नको, दोन-तीन दिवस पुरेत, नाहीतर रोज दाराशी चपला घालून उभा राहील.

रात्रपाळी
आणि मास्क एक मागून घरी आणा, सहसा देतात. आधी तुम्ही लावा, मग बाहुलीला किंवा बाबांना, मग त्याला नुसता हातात द्या. नाकावर क्षणभर ठेवू दिला तरी भरपूर. नाहीच जमलं तर भूलतज्ज्ञांना तसं आधी कळवा, मास्क न लावता सुईतून झोपवता येतं किंवा आधी प्यायला औषध देऊन गुंगी आणता येते, त्यांच्याकडे पर्याय असतात.

शांतनदी
मास्कचं आजच विचारते. रात्रपाळी, ते बधिर करायचं मलम आपण घरून लावून न्यायचं की तेच लावतात?

रात्रपाळी
त्यांना विचारूनच, कुठे लावायचं ते दाखवतील. घरून लावलं तर वर पारदर्शक पट्टी लावून टाका आणि त्यावर लांब बाह्यांचा शर्ट घाला, नाहीतर गाडीतच ओरबाडून काढेल.